छाट

त्या दिवशी छबूअक्काची सातशे चाळीसच झाली.
ठेकेदाराच्या पोरानं वहीत आकडा मांडला,
मान वर करून बघितलं नाही.
बघितलं असतं तर दिसलं असतं,
सुपात पानं नव्हती,
मांजर होतं.

सर्व्हिस रोडला उसाच्या ट्रॅक्टरखाली आलेलं.
मागचा उजवा पाय
पिळायच्या राहिलेल्या फडक्यासारखा लोंबत होता.
मी म्हटलं, अक्का, हे काय जगत नाही.
"तुला कुणी इचारलं? धर."
मी धरलं.
धरलं म्हणजे काय, चावलं ते मला
अंगठ्याखाली, खूण आहे अजून,
पानं कापताना कात्री नेमकी तिथंच टेकते.

अक्कानं जुन्या सुपाची कांबी मोडली,
पायाला लावली
आणि बिडीचा दोरा गुंडाळत गेली, गुलाबी.
तीस वर्षं जी बोटं न बघता गाठ मारतात,
निपाणीभर गप्पा मारत मारतात,
ती त्या दिवशी बघून मारत होती.
घरभर जर्द्याचा खाट.
मांजर शिंकलं दोनदा.
अक्का हसली, म्हणाली, "जितं हाय."

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात
एक म्हैस, दोन शेळ्या, आणि आम्ही.
"मांजर घेऊन आल्यात," कुणीतरी म्हणालं,
जशी आम्ही कोंबडीची केस कोर्टात आणली होती.
डॉक्टर मठदनी दोरा सोडला, पाय चाचपला.
"कोण बांधलं हे?"
अक्का पदर सावरत, "चुकलं का?"
"चुकलं नाही. आमचा कंपाउंडर असं बांधत नाही."
मग प्लास्टर, इंजेक्शन,
आणि दारापर्यंत येऊन एक गोष्ट:
"माणसाचं तापाचं गोळी देऊ नका हं. मांजर मरतंय त्यानं."
"अर्धी?"
"अर्धी पण नको."

मुरगूड रोडपर्यंत अक्का बोलली नाही.
पिशवीतलं मांजर ओरडत होतं, तिला ऐकू येत नव्हतं.
मला ठाऊक होतं ती कुठं आहे:
मागच्या उन्हाळ्यात, चुलीपाशी,
पिवळीला फणफणून ताप,
आणि अक्का लाटण्यानं गोळी चुरत होती,
स्वतःच्या डब्यातली, स्वतःच्या गुडघ्यासाठी आणलेली,
अर्धीच,
दुधात कालवून.
पिवळी ते सगळं प्यायली होती.
विश्वासानं, असं मी म्हणणार नाही. भूक होती.

केसपेपर कानडीत.
अन्नपूर्णाची पोरगी शाळेतून आली,
बोट ठेवून वाचत गेली: बेक्कु. हेण्णु. कालु.
"मालक" लिहायच्या जागी काय गं?
डॉक्टरांनी विचारलं होतं तेव्हा
आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो होतो.
"ओणी," ती म्हणाली.
"ओणी म्हंजे?"
"गल्ली की."

मग गल्लीनंच केलं, म्हणायला हरकत नाही.
मुजावर चाचा संध्याकाळी कलेजीचे कात्रण ठेवून जायचे
कागदात, न बोलता.
हौसाकाकी "रोगराई आणलीय" म्हणत राहिली
आणि म्हणता म्हणता आपली टोपली देऊन गेली.
प्लास्टर निघालं तरी पाय सरळ पडला नाही.
वखारीच्या दारात ते आता बसतं दिवसभर,
उंदीर समोरून गेला तर
पाहुण्याकडं बघावं तसं बघतं.
चेकर म्हणतो, छाट माल आहे.
वाकडी बिडी तो अशीच बाजूला टाकतो,
पैसे कापतो,
आणि छाट म्हणून टाकलेली तीच बिडी
कोपऱ्यावर जाऊन ओढतो.

काल दिवेलागणीला ठेकेदाराचं पोरगं आलं.
वही काखेत, शर्टाची दोन बटणं उघडी,
आत काहीतरी हलत होतं.
"अक्का, गाडीच्या बॉनेटात होतं.
कान भाजलाय बहुतेक."
अक्कानं सूप झटकलं,
चुरा खाली पडला, जर्दा उडाला.
"आदी आजचा आकडा लिही," ती म्हणाली,
"मग दे हिकडं."
त्यानं लिहिला. किती, ते मी बघितलं नाही.
मी हात पुढं केला होता,
अंगठा आत दुमडून.